लाल वाळूची घरं

पुलाखालच्या ओढ्यात दर शनिवारी सकाळी जी पोरं उतरतात, त्यांच्यात एकाच्याही पायात मापाचा गमबूट नसतो. बूट वर्गाचे, पाय घरचे. दोघांचं जमणार कसं? त्यामुळे पोरं पाण्यात बदकांसारखी फताड्या पायांनी चालतात आणि पुलावरून जाणारी माणसं कठड्याला कोपरं टेकून फुकटची करमणूक करून घेतात.

या वर्गाच्या बाईंना सगळे ओढाबाई म्हणतात. नाव मुलांनी ठेवलं, मग दूधवाल्याने उचललं, आणि आता नवराही फोनवर "ओढाबाई घरी नाहीत" असंच सांगतो. जीवशास्त्र शिकून त्या बरीच वर्षं औषधांच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्या विकत होत्या. शाळेतली मुलं बेडकाची आकृती सुबक काढतात, भागांना नावं बरोबर देतात आणि खरा बेडूक दिसला की बाकावर चढतात, हे त्यांना बघवेना. म्हणून हा वर्ग. पहिल्याच दिवशी त्या मुलांना सांगतात, "पाण्यातले किडे बघणं हे काम असतं. माती हुंगणं, झाडांची वयं काढणं, पक्ष्यांच्या मागे हिंडणं, ही सगळी कामं असतात आणि त्यांना पगार असतो. काही ऑफिसांत गमबूट घालून जावं लागतं, एवढाच फरक."

"आणि बॉस?" एकाने विचारलं होतं.

"बॉसही गमबुटातच."

हे मुलांना फार पटलं होतं.

ओढ्यातलं काम साधं. एकाने जाळी धरून उभं राहायचं, दुसऱ्याने त्याच्या वरच्या अंगाला पायाने तळ ढवळायचा. वाहत येईल ते जाळीत, जाळीतलं पांढऱ्या ट्रेमध्ये, आणि मग ब्रश, ड्रॉपर आणि भिंग घेऊन सगळ्यांची डोकी एकमेकांवर आपटेपर्यंत बघत बसायचं. दगड उलटा केला तर जसा होता तसाच परत ठेवायचा, हा एकच कडक नियम. काही जीव घाणीतही सुखाने संसार करतात: जळवा, गांडुळासारखे बारीक किडे. काही नाजूक असतात. पाणी जरा बिघडलं की संपले. म्हणजे कोण सापडलं त्यावरून पाणी कसं आहे ते कळतं. मुलांची लाडकी म्हणजे घरकुली. पुस्तकात तिला लांबलचक नाव आहे, पण ते उच्चारून होईपर्यंत ती पळून जाते. ही अळी वाळूचे कण स्वतःच्या चिकट धाग्याने जोडून अंगाभोवती नळीसारखं घर बांधते, आणि घर पाठीवर घेऊनच चालते. मोठी होत जाते तसं पुढच्या टोकाला नवीन कण लावत जाते. घरकुली असेल तर पाणी चांगलं.

पुलाच्या खांबाला मुलांनी रंगवलेली एक पाटी टांगलेली आहे. एक बाजू हिरवी, एक लाल. वर्ग सुटताना त्या दिवशीच्या निकालाप्रमाणे पाटी फिरवायची. हिरवी म्हणजे या, पाय बुडवा. लाल म्हणजे हातसुद्धा घालू नका. पण ती फिरवायची वेळ बऱ्याच वर्षांत आली नव्हती. हिरवा रंग उन्हाने फिकट पिस्ता झाला होता; लाल बाजू खांबाकडे तोंड करून नव्या नवरीसारखी जपलेली.

वर्गात एक मुलगी आहे. तिचं कुठलंही वाक्य 'पण'पासून सुरू होतं म्हणून मुलांनी तिला पणती करून टाकलं. तिची आई घरीच पडदे आणि उशांचे अभ्रे शिवते. पणतीला वर्गात घालायला आली तेव्हाच तिने बजावलं होतं, "शनिवारी धाकट्याला सांभाळायला मला हिचीच गरज असते, बाई. पण तुम्ही म्हणता यातून पुढे नोकरी मिळते, म्हणून पाठवते. नाहीतर चिखलात लोळायला काय शिकवणी लावावी लागते?"

त्या शनिवारी तपासणीवाल्या मॅडम यायच्या होत्या. नद्या-ओढ्यांचं पाणी तपासणारं जे ऑफिस आहे, तिथल्या. खऱ्याखुऱ्या गमबुटातल्या. त्या मुलांना आपलं काम दाखवणार होत्या, आणि सुट्टीत एका मुलाला आपल्या तुकडीबरोबर फिरायला नेणार होत्या. ओढाबाईंनी मनातल्या मनात नाव ठरवून टाकलं होतं. पणतीच.

सगळं छान चाललं होतं. मॅडमनी ट्रेमध्ये डोकावून पाहिलं. ट्रेमध्ये घरकुल्या ऐटीत घरं ओढत फिरत होत्या.

"दर आठवड्याला सापडतात?"

"दर आठवड्याला," मुलं कोरसमध्ये ओरडली.

"मग आम्ही हा ओढा लक्ष ठेवायच्या यादीतून काढायला हरकत नाही. तेवढीच आमची धावपळ कमी." मॅडम हसल्या. ओढाबाईंचा चेहरा फुलला.

"पण बाई," पणतीचा हात वर गेला. "पण यांची घरं लाल आहेत."

"छान रंग आहे ना?"

"पण इथली वाळू काळी आहे." तिने बुटाच्या टोकाने तळ उकरून दाखवला. काळा, बुळबुळीत गाळ वर आला. "लाल वाळू वरच्या झऱ्याजवळ असते. मामाबरोबर गेले होते मी. पण ती मधल्या बंधाऱ्यात अडते, खाली येतच नाही."

"अगं, अळ्या वाहून आल्या असतील."

"पण मग इथे राहिल्यावर त्या इथले कण लावतील ना? तुम्हीच सांगितलंत, पुढच्या टोकाला नवीन लावतात म्हणून. एकीचं तरी टोक काळं पाहिजे. पण सगळं घर लाल आहे. म्हणजे बाई, या इथे राहतच नाहीत. या आजच आल्यात."

पुलावरून एक ट्रक गेला. मॅडमनी भिंग हातात घेतलं, पण ट्रेकडे न बघता त्या ओढाबाईंकडे बघत होत्या.

त्या क्षणी ओढाबाईंना कळलं होतं का? पुरतं कळलं नव्हतं. पण त्या घाबरल्या. माणूस घाबरला की सगळ्यात जवळ जो असतो त्यालाच ढकलतो. त्या म्हणाल्या, "पणती, तुझं बघण्यात काहीतरी चुकतंय. नीट बघत जा आधी. पाहुणे आलेत, त्यांना बोलू दे."

पणतीचा हात हळूहळू खाली आला. तिने भिंग पुसलं, डबीत ठेवलं आणि डबीचं झाकण लावलं. उरलेला वेळ ती काठावर बसून होती. तिच्या शेजारी ओढाबाईंचे सासरे बसले होते, बादली पायांत धरून. मुलं त्यांना बादलीबाबा म्हणतात. वर्गाच्या आधी पहाटे येऊन ओढ्यातल्या काचा वेचायचं काम त्यांचं.

सुट्टीत फिरायला नेण्यासाठी कुणाचं नाव, असं मॅडमनी निघताना विचारलं. ओढाबाई म्हणाल्या, कळवते.

दुपारी घरामागच्या नळावर त्या ट्रे धूत होत्या. बाबांची बादली पालथी घातली होती. ती सरळ करून त्यांनी तळाच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट वर घेतलं. बोटावर लाल कण.

बाबा पायरीवर बसून चहा पीत होते.

"बाबा, ही वाळू कुठली?"

"वाळू ती वाळूच. कुठली म्हणजे?"

"बाबा."

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. "झऱ्यावरची."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून," ते म्हणाले. चोरी पकडली गेलेल्या माणसाचा नव्हता तो आवाज. हिशोब विचारला म्हणून देणाऱ्याचा होता. "तुला आठवत नसेल. दुसऱ्याच शनिवारी तू आलीस आणि बूटही न काढता या इथे बसलीस. म्हणालीस, बाबा, बंद करते. जळवा दाखवून कुठलं पोर शास्त्रज्ञ व्हायचं? अर्धी पोरं पुन्हा येणार नाहीत म्हणालीस. आणि नव्हतीच आली."

"म्हणून तुम्ही झऱ्यातल्या घरकुल्या बादलीतून आणून..."

"मग मी जन्मभर काय केलं गं?" बाबा शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. "पोरं यायच्या आधी प्रयोग मांडून ठेवायचा. बी उगवलं नाही तर दुसऱ्या कुंडीतलं उगवलेलं आणून खोचायचं. रंग बदलेना, तर दोन थेंब जास्त टाकायचे. प्रयोग आला नाही की पोर म्हणतं, मी ढ आहे. बी ढ होतं, हे त्याला कोण सांगणार?"

ओढाबाईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही. "बाबा, आज एक पोर ढ नव्हतं. तिचा प्रयोग आला होता. आणि मी तिला सगळ्यांसमोर ढ ठरवलं."

नळ टपटपत होता. बाबांनी उठून तो बंद केला. पाठ फिरवूनच म्हणाले, "मी उगीच नाही टाकलं त्यांना. वाटायचं, रुजतील. दर खेपेला वाटायचं, आता या खेपेला रुजतील."

"आणि?"

"आणि पुढच्या शनिवारी पाहावं तर नसायच्या. नुसती घरं. रिकामी."

तो आठवडा ओढाबाईंनी घरातले सगळे डबे घासून काढले. डबे स्वच्छ होते आधीच. मॅडमना फोन करायचा, तर काय सांगायचं? की ज्या निकालांवर तुम्ही विसंबलात ते बादलीतून आलेले? इतक्या वर्षांची इतकी पोरं, त्यांतली कुणी आता कॉलेजात हाच विषय शिकतायत. त्यांना सांगायचं, तुमचा पहिला किडा म्हाताऱ्याने ठेवलेला होता? आणि बाबांचं काय? या वयात माणसाला खोटारडा म्हणायचं, तेही मायेपोटी केलेल्या कामासाठी? झाकली मूठ झाकलीच राहिली तर कुणाचं काय बिघडतं?

त्यांचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तो जेवताना म्हणाला, "लिफ्ट मध्येच अडकली की आम्ही पहिलं काय करतो माहीत आहे?"

"किल्ली शोधता."

"ती सापडतच नाही. आधी आतल्या माणसाला ओरडून सांगतो, तुम्ही अडकलायत. नाहीतर तो बिचारा बटणं दाबत बसतो आणि त्याला वाटतं, आपलंच बोट चुकतंय."

"तुझे बाबा आहेत ते."

"म्हणून तर जेवण जात नाहीये," तो म्हणाला, आणि ताट खरंच तसंच ठेवून उठला.

पुढच्या शनिवारी बाबा घरीच थांबले. काचा ओढाबाईंनीच वेचल्या. पोरं आली, उतरली, तळ ढवळला. ट्रेमध्ये काळं पाणी, त्यात वळवळणारे बारीक किडे, आणि एक जळू, ती ट्रेची कड मोजत असल्यासारखी वेटोळी टाकत चाललेली.

"बाई, घरकुल्यांना सुट्टी आहे का आज?"

"दगडाखाली बघा."

"दगडाखाली पण नाहीत."

"थंडी पडलीय ना," ओढाबाई म्हणाल्या. "हवामानाचा परिणाम असतो." आणि स्वतःचंच बोलणं ऐकून त्यांना कानशिलं तापल्यासारखी वाटली. एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं उभं केलं होतं. असं टेकूंवर घर चढत जातं, आणि ते घर वाळूच्या कणांइतकंही टिकत नाही.

पणती आली नव्हती.

"ती आता नाही येणार," तिच्या गल्लीतला एक मुलगा म्हणाला. "तिच्या आईने तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं."

ओढाबाईंच्या हातातला ट्रे कलंडला. पाण्याबरोबर जळूही गेली. वर्ग सुटला तेव्हा पाटी त्यांनी पाहिली नाही; हिरवी तशीच लोंबत राहिली.

पणतीचं घर म्हणजे एक खोली आणि खोलीएवढंच कापड. निळ्या पडद्यांचा ढीग पलंगावर, ढिगाच्या पायथ्याशी धाकटा झोपलेला. आई मशीनवर. पणती खाली बसून पडद्यांना कड्या लावत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा कडीत बोट घातलं.

"या बाई. तो अभ्रा सरकवा आणि बसा." आईने मशीन थांबवलं नाही. "बरं झालं आलात. डोळे तपासून आणलेत हिचे. मला म्हणाली, आई, मला नीट दिसत नाही, बाई म्हणाल्या. म्हटलं, शिवणकाम करणाऱ्या बाईची पोर आणि डोळे अधू? घेऊन गेले. डॉक्टरने खालची ओळसुद्धा वाचून घेतली. म्हणाले, डोळे उत्तम आहेत, परत आणू नका." इथे मशीन थांबलं. "मग आता तुम्हीच सांगा. डोळे उत्तम आहेत, तर पोरीचं चुकतंय कुठे? डोक्यात?"

ओढाबाई अभ्रा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मनात बरंच काही जुळवून आणलं होतं. सुरुवात, मग बाबांचं वय, मग मुलांचं मन. त्यातलं काहीच तोंडात आलं नाही.

"तिचं काही चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तिला जे दिसलं ते खरं होतं. त्या घरकुल्या तिथल्या नव्हत्याच. माझे सासरे झऱ्यावरून आणून सोडत होते, मुलांना काहीतरी सापडावं म्हणून. मला माहीत नव्हतं. पण ती बोलली तेव्हा मला कळायला हवं होतं. मी ऐकलंच नाही."

आई आधी पोरीकडे बघत राहिली, मग बाईंकडे. "म्हणजे पाणी वाईटच आहे?"

"वाईट आहे."

"आणि पाटी हिरवी? उन्हाळाभर मी या धाकट्याला तिथे डुंबायला सोडत होते. पाटी बघून." ती ओरडली नाही, हे जास्त वाईट होतं. तिने हात लांब करून झोपलेल्या पोराच्या पोटरीवरून उगीचच बोटं फिरवली. "तुमच्या शिक्षणाला काय म्हणावं, बाई? आम्ही टाका चुकला तर उसवतो. तुम्ही वरून झालर लावता होय?"

ओढाबाईंनी मान खाली घातली.

"पण," खालून आवाज आला. कड्या बाजूला ठेवल्या गेल्या होत्या. "पण मग त्या सगळ्या मेल्या?"

"हो."

"दर शनिवारच्या?"

"हो, बाळा."

"पुलाखाली रिकामी घरं आहेत पुष्कळ. मी बघून ठेवली होती. मला वाटलं, मोठ्या होऊन, पंख फुटून उडून गेल्या." पणतीने ओठ घट्ट मिटले. ओढाबाईंना वाटलं, आता रडेल. रडली असती तर बरं झालं असतं. "पण झऱ्यावर उरल्यात का?"

हा प्रश्न ओढाबाईंच्या मनात आठवडाभरात एकदाही आला नव्हता. त्या लाज, बाबा, मॅडम आणि पाटी यांचाच विचार करत होत्या. घरकुल्यांचा विचार या पोरीने केला.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"मग बघायला पाहिजे," पणती उठत म्हणाली. आणि मग आईकडे बघून, "पण कड्या आल्यावर लावीन."

"मीच येते," आई म्हणाली. तिने धाकट्याला खांद्यावर टाकलं. "आता मीच माझ्या डोळ्यांनी बघते, कुणाचं काय आहे ते."

बाबांना त्यांनी वाटेत बरोबर घेतलं. बाबा बादली घ्यायला वळले, सवयीने, आणि मग रिकाम्या हाताने आले. रस्ता चढाचा होता. बंधाऱ्यात लाल वाळू साचलेली स्पष्ट दिसत होती, आणि त्याच्या खाली ओढ्याला मिळणारी एक काळी नाली. पणतीने दोन्हींकडे बोट दाखवलं नाही. फक्त क्षणभर थांबली, सगळ्यांनी बघावं म्हणून.

झऱ्याचं पाणी इतकं नितळ होतं की धाकटा खांद्यावरूनच त्यात उडी घ्यायला बघू लागला. बाबा गुडघ्यावर बसले. "इथे असतात," ते म्हणाले आणि त्यांनी एक मोठा दगड उलटा केला. खाली काही नव्हतं. "याखाली नाही, त्या पलीकडच्याखाली." पलीकडचा उलटा केला. त्याखाली एक रिकामं घर पाण्याबरोबर हलत होतं. म्हातारा पुढे सरकला, आणखी पुढे. दगडामागून दगड. पँट मांड्यांपर्यंत भिजली. "मोप असायच्या. एका दगडाखाली ओंजळभर असायच्या. मी काय, वरच्या वर घ्यायचो..."

"बाबा," ओढाबाई म्हणाल्या, "राहू द्या."

ते थांबेनात. मागे उलट्या दगडांची रांग पडत गेली, ओल्या बाजू वर, उन्हात वाळत.

"आजोबा," पणती पाण्यात उतरली. गमबूट नव्हते, चपला काठावर. "असे टाकू नका. तसाच परत ठेवायचा असतो." तिने पहिला दगड उचलला, ओली बाजू खाली करून पहिल्या जागी बसवला. मग दुसरा. बाबा पाण्यात उभे राहून बघत होते. थोड्या वेळाने ते खाली वाकले आणि तिच्यामागून ठेवू लागले. एक त्यांनी तिरका ठेवला, तर तिने तो पुन्हा काढला आणि नीट ठेवला. माफ केलं असं नाही. दगड नीट ठेवला, एवढंच.

अगदी वरच्या बाजूला, जिथे झरा कपारीतून निघतो आणि बादली बुडत नाही इतकं पाणी उथळ आहे, तिथे पणतीला एक सापडली. मग आणखी थोड्या. बोटाच्या पेरावर मावतील अशा, बारीक, कोवळ्या.

"आहेत," ती म्हणाली. "पण थोड्याच."

तिने हात लावला नाही. आईला बोलावलं. आई धाकट्याला सांभाळत वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. "अय्या," ती शेवटी म्हणाली, "शिवण दिसतच नाही गं कुठे."

परतताना ते पुलाखाली आले. ओढाबाईंनी पाटीची तार सोडवली आणि फिरवली. लाल बाजू इतकी ताजी होती की कालच रंगवली असं वाटावं. पुलावर कठड्याशी कुणीतरी थांबलं, "ओ ओढाबाई, लाल का?" म्हणून ओरडलं. त्यांनी हातानेच थांबा म्हटलं, कारण फोन लागला होता.

मॅडमना त्यांनी सगळं सांगितलं. सांगायला वेळ लागेल असं वाटलं होतं; लागला नाही. मग कोरड्या आवाजात मॅडम म्हणाल्या की हे लेखी द्यावं लागेल, वर्ग तूर्त बंद ठेवा, ओढा यादीतून काढायचं अर्थातच रद्द, आणि इतक्या वर्षांचे निकाल आम्ही कसे मानायचे याचं उत्तर मला वर द्यावं लागणार आहे. ओढाबाई प्रत्येक गोष्टीला हो म्हणाल्या. बाबा खांबाला पाठ लावून उभे होते. त्यांनी प्रत्येक 'हो' ऐकला.

"आणि हे लक्षात कुणाच्या आलं?" मॅडमनी विचारलं. "त्या दिवशीची ती मुलगी?"

"तीच. इथेच आहे." ओढाबाईंनी फोन पुढे केला. पणतीने आधी ओला हात फ्रॉकला पुसला.

"तू म्हणालीस ती घरं पूर्ण लाल होती," मॅडमचा आवाज बाहेर ऐकू येत होता. "टोकापर्यंत? हे महत्त्वाचं आहे. पुन्हा तपासणी मला त्यावरूनच मांडावी लागेल. नीट आठव. खरंच नीट दिसलं होतं तुला?"

पणतीने ओढाबाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, तो अजून गेला नव्हता, आणि लवकर जायचाही नव्हता. ओढाबाईंनी नजर चुकवली नाही.

"हो," पणती फोनमध्ये म्हणाली. "डोळे तपासलेत माझे."